सुनंदाताईंच्या कागदावरचा डोस

तोंड धुवून ये

मे महिन्यातल्या एका सकाळी, पावणेआठच्या हजेरीला, आमच्या ट्युटर मॅडमनी मला रांगेतून बाहेर बोलावले आणि तोंड धुवून यायला सांगितले. ड्युटीवर मेकअप चालत नाही, हा नियम पहिल्या वर्षापासून होता. मी मेकअप केलेला नव्हता. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली होती आणि ती आठवडाभर होती. मी साबणाने तोंड धुऊन परत आले.

"अजून आहे," मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा घासून घासून लाली आणखी गडद झाली होती.

"नटायचं असेल तर रविवारी नट. इथे पेशंट बघायला येतो आपण."

रांगेतून अश्विनी बोलली. ती माझी हॉस्टेलमधली रूममेट, कांदिवलीची. गप्प बसणे तिला जमत नाही. "मॅडम, ते आतून आलंय. रात्री झोपतानाही असतं तिच्या तोंडावर. मी बघते ना रोज."

कुणीतरी हसले. मॅडमनी जवळ येऊन बोट लावून पाहिले, मग माझी बोटे हातात घेऊन दाबली. मी हात मागे ओढला. सांधे दुखत होते, हे मी कुणाला सांगितले नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला आणि मला ड्युटी सोडून मेडिसिनच्या ओपीडीत पाठवले.

माझ्या आजाराची पहिली आठवण ही आहे. पंचवीसजणींसमोर तीनदा धुतलेले तोंड. चूक माझी नव्हती, तरी लाज मला वाटली. पुढे जे घडले त्यात चूक माझी होती. हे लिखाण मुख्यतः त्याबद्दल आहे.

तुला माहीतच आहे

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पूर्व उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात. वयाने वर्गात सर्वांत मोठी, कारण त्याआधी दीड वर्ष मी एका उपनगरी साप्ताहिकात बातम्या लिहीत होते. तिथे शिकवले होते की आधी काय झाले ते लिहायचे, मग कोण काय म्हणाले ते. स्वतःचे मत शेवटी, जागा उरली तर.

तपासण्यांचे निकाल यायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर पसरले. माझ्या अंगावर गणवेश होता. त्यांनी तो पाहिला आणि इंग्रजीत आजाराचे नाव घेतले, लुपस. "तू इथलीच ना? मग तुला माहीतच आहे."

मी मान हलवली.

मला माहीत नव्हते. लुपस आमच्या अभ्यासक्रमात पाच गुणांच्या टिपेपुरता होता आणि ती टीप मी ऑप्शनला टाकली होती. शरीराची संरक्षण करणारी व्यवस्था शरीरावरच उलटते, एवढे एक वाक्य आठवत होते. माझ्या बाबतीत ती कशावर उलटली आहे, किती दिवस घेणार, मूत्रपिंडाचे काय, लग्न, मूल, रात्रपाळी, यातले काहीही मी विचारले नाही. गणवेश घालून असे प्रश्न विचारणे मला कमीपणाचे वाटले. माझ्या आधी आत गेलेल्या भाजीवाल्या बाईंनी डॉक्टरांना अकरा मिनिटे प्रश्न विचारले होते. बाहेर बसून मीच घड्याळ लावले होते. मी चार मिनिटांत बाहेर आले. स्टिरॉइडच्या गोळ्या, आणखी दोन औषधे, ऊन टाळायचे, दर महिन्याला लघवी तपासून दाखवायला यायचे.

घर विक्रोळीला. वडील कंपनीतून निवृत्त झालेले फिटर, आई अंगणवाडी सेविका. आईला मी सांगितले की रक्तात सूज आहे, गोळ्यांनी जाईल. ती म्हणाली, "मला वाटलंच, वांग एवढे लाल नसतात." चाळीत तिने वांगच सांगितले. माझ्यासाठी तेव्हा एक स्थळ येऊन गेले होते. आम्ही दोघींनी, एकमेकींना न सांगता, एकच गोष्ट लपवायचे ठरवले होते.

वजनकाटा

गोळ्यांनी सांधे मोकळे झाले. सकाळी वेणी घालता येऊ लागली. चेहरा मात्र गोल होत गेला. हॉस्टेलवर म्हणायच्या, "मेसचं जेवण हिलाच कसं लागतं गं?" मी हसत असे. अश्विनीला आजार माहीत होता, इतर कुणाला नाही. तिने शब्द पाळला.

जून ते सप्टेंबर मी दर महिन्याला दाखवायला गेले. ऑक्टोबरमध्ये माझ्याच वर्गातल्या सहाजणींची पोस्टिंग त्या ओपीडीत लागली. तिथे विद्यार्थिनींचे काम म्हणजे पेशंटचे नाव पुकारणे, वजन करणे, बीपी घेणे, कागद आत ठेवणे. मी दारापर्यंत गेले. काट्याजवळ ओळखीची मुलगी उभी होती, हातात कागदांचा गठ्ठा. तिने माझे नाव सगळ्यांसमोर पुकारायचे, मी चपला काढून काट्यावर उभे राहायचे आणि तिने माझ्या कागदावरचा आजार वाचायचा, हे मला झेपले नाही. मी तिला हात केला, लायब्ररीत चालले आहे असे सांगितले आणि परत फिरले.

जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत होत्या. मी त्याच घेत राहिले. नोव्हेंबरमध्येही गेले नाही.

सुकट

नोव्हेंबरमध्ये माझी पोस्टिंग स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात होती. प्रत्येकीला केस स्टडीसाठी एक पेशंट नेमून देतात. तिची सगळी माहिती घ्यायची, फाइल उतरवून काढायची, सेवा करायची, शेवटी आरोग्यशिक्षण द्यायचे. मला मिळाल्या सुनंदाताई. माहुल गावच्या, चाळिशीच्या, सुकी मासळी वाळवून विकणाऱ्या. आजार लुपस.

इन्चार्ज सिस्टरना मी पेशंट बदलून मागू शकले असते. कारण विचारतील म्हणून मागितला नाही.

आरोग्यशिक्षणासाठी मी कार्डशीटवर मोठा सूर्य काढला आणि त्यावर लाल फुली मारली. आजूबाजूच्या बायकाही ऐकायला बसल्या. मी बोलले, ऊन टाळा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गोळ्या नेमाने घ्या, आपल्या मनाने कमी करू नका.

सुनंदाताईंनी सूर्याकडे पाहिले. "सिस्टर, उन्हात जायचं नाय तर माझी सुकट काय तुमच्या पंख्याखाली वाळणार?"

वॉर्ड हसला.

"घरातलं दुसरं कुणी वाळवेल, ताई."

"दुसरं कुणी वाळवेल! कोण? माझा नवरा? तो उन्हात गेला तर मासळीच्या आधी तोच आडवा व्हायचा." पुन्हा हशा. मग त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "एवढं पाठ कसं हो तुमचं? तुम्हाला पण हायं का हे?"

अश्विनी शेजारच्या पलंगाची चादर घालत होती. तिचे हात थांबले.

"नाही हो ताई," मी म्हटले. "अभ्यासात आहे आम्हाला."

"बरं झालं. लेकीच्या वयाच्या तुम्ही." आणि त्या गंभीर झाल्या. "सोडते मग ऊन. तुम्ही एवढं चित्र काढून सांगताय, खोटं कशाला सांगाल?"

बाहेर आल्यावर अश्विनीने विचारले, "हो म्हणाली असतीस तर काय झालं असतं गं?" मी कार्डशीट गुंडाळू लागले.

उतरवून घेतलेला कागद

त्याच आठवड्यात सुनंदाताईंना घरी सोडले. त्यांच्या कार्डावर डॉक्टरांनी स्टिरॉइड कमी करण्याचा क्रम लिहिला होता. दर पंधरा दिवसांनी एक पायरी खाली, शेवटी अगदी थोडी. केस स्टडीत तो जसाच्या तसा उतरवायचा होता. मी उतरवला. मग तो माझ्या खिशातल्या छोट्या वहीत, मागच्या पानावर, पुन्हा एकदा उतरवला.

दोघींचा आजार एक होता. सुरुवातीची गोळी एक होती. हिशेब मला सरळ वाटला. ओपीडीत न जाता, काट्यावर उभे न राहता मी बरी होणार होते आणि चेहऱ्याची सूजही उतरणार होती. जिला काहीच माहीत नाही तिला हे सुचले नसते. ज्याला पूर्ण माहिती आहे त्याने हे केले नसते. अर्धवट शिकलेली नर्सच दुसरीचे कार्ड बघून स्वतःचा डोस ठरवू शकते.

आणखी एक नोंद इथेच करते. केस स्टडीच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो, 'माहिती कोणाकडून मिळाली'. त्यात मी 'रुग्ण स्वतः' असे लिहिले होते. प्रत्यक्षात सगळी माहिती फाइलमधून घेतली होती. सुनंदाताईंशी निवांत बसून बोलणे मी टाळत होते, कारण त्या पुन्हा काही विचारतील याची भीती होती. मॅडमनी वहीवर 'सुंदर काम' असा शेरा मारला.

डिसेंबरअखेर चेहऱ्याची सूज उतरली. आईने सांताक्रूझच्या मावशीला फोनवर सांगितले, "पोरगी परत पहिल्यासारखी दिसायला लागली." जानेवारीत ड्युटीनंतर पांढरे मोजे काढले की सुजलेल्या घोट्यावर खोल ठसा राहू लागला. मी अश्विनीला म्हटले, उभं राहून राहून होतंय. लघवीला फेस येत होता. मी बघणे बंद केले. टाकीची साखळी आधी ओढायची, मग उठायचे.

टेस्ट ट्यूब

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. लघवीतले प्रथिन तपासायची जुनी पद्धत आम्हाला करून दाखवावी लागते. टेस्ट ट्यूबमध्ये नमुना घ्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा. गढूळ झाले तर ॲसिडचे थेंब टाकायचे, तरीही गढूळ राहिले तर प्रथिन आहे, म्हणजे मूत्रपिंडाला त्रास आहे. सरावाला प्रत्येकीने स्वतःचाच नमुना आणायचा, असा रिवाज होता. सगळ्यांचा स्वच्छ निघतो, त्यामुळे कुणालाच संकोच नसतो.

मी काहीतरी कारण काढून अश्विनीचा नमुना वापरू शकले असते. माझाच घेऊन गेले. का, ते आजही नक्की सांगता येत नाही. बहुधा कुणीतरी मला पकडावे असे मला वाटत होते.

माझी ट्यूब दिव्यावर धरली आणि वरचा भाग पांढरा झाला. थेंब टाकले. नासलेल्या दुधासारखे झाले.

"आईशप्पथ!" अश्विनी म्हणाली. "असं मी पुस्तकातच बघितलेलं. कुणाचा गं हा?"

"बेड नऊचा. मेडिकल वॉर्डातून आणला. नुसतं साधं पाणी तापवून काय शिकणार?"

"हुशार आहेस."

मी ट्यूब धुऊन ठेवली. अश्विनी मात्र वॉर्डात गेली. एवढे प्रथिन जाते आहे तर फाइलवर नोंद आहे का हे बघायला. नोंद नसेल तर सिस्टरना सांगायला. नर्सने हेच करायचे असते. दहा मिनिटांनी ती परत आली आणि दार लावून घेतले.

"बेड नऊ परवापासून रिकामा आहे."

मी बेसिनकडे तोंड करून उभी होते.

"मोजे काढ," ती म्हणाली.

"अगं..."

"मोजे काढ म्हणते ना!"

मी काढले. तिने नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि पडलेल्या खळग्याकडे बघत राहिली. मग ती रडायला लागली. मला रडू आले नाही. मला फक्त वाटत होते की आता हिने हे कुणाला सांगू नये. ती सरळ ट्युटर मॅडमकडे गेली.

बेड नऊ

वॉर्डात तोच एक पलंग रिकामा होता. मी नोव्हेंबरमध्ये ज्या चादरी घालत होते त्यांपैकी एकीवर झोपले. वर्गमैत्रिणी थर्मामीटर घेऊन यायच्या आणि माझ्याकडे न बघता आकडा लिहून जायच्या. त्यांना राग होता की संकोच, मी विचारले नाही.

मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. पालथे झोपायचे, मग पुढे कित्येक तास उताणे, हलायचे नाही. वॉर्डातल्या मावशींनी त्या दिवशी स्वतःहून दर थोड्या वेळाने येऊन पाठीखालची चादर ताणून दिली. चादरीची घडी किती टोचते हे चार परीक्षा देऊन मला कळले नव्हते. "बेडमेकिंगला दहापैकी किती मिळाले होते गं तुला?" त्यांनी विचारले. नऊ, मी म्हटले. "मग एक यात गेला बघ," त्या म्हणाल्या. दाखल झाल्यापासून मी पहिल्यांदा हसले. पाठीत कळ आली.

निकाल आला. दोन्ही मूत्रपिंडांना आजार पोचला होता. डॉक्टरांनी विचारले, गोळी कुणी कमी केली? मी वहीचे मागचे पान दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. ओरडले नाहीत. "हा क्रम माझाच आहे," ते म्हणाले. "पण तुझ्यासाठी नाही लिहिला." मूत्रपिंडे राहतील का, हे ते सहा महिन्यांनी सांगणार होते. नर्सिंग पुढे चालू ठेवता येईल का, हे त्यानंतर कॉलेज ठरवणार होते.

आई पायाशी बसली होती. डॉक्टर गेल्यावर तिने पिशवीतून डबा काढला, पुन्हा आत ठेवला.

"मी अंगणवाडीत बायांना सांगते, माझी पोरगी नर्स होणारेय, काही असेल तर तिला विचारा." थोड्या वेळाने म्हणाली, "काय शिकत होतीस गं तू इथं?"

वडील खिडकीतून बाहेर बघत होते. "वांग आहेत म्हणून सांगत तूच फिरत होतीस," ते आईला म्हणाले.

सुनंदाताई

गुरुवार हा त्यांचा ओपीडीचा दिवस. ओळखीच्या मावशींना भेटायला त्या वॉर्डात आल्या आणि माझ्या पलंगाशी थांबल्या. अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, हातात छत्री. मी सांगितले होते तसे सगळे.

"सिस्टर? तुम्ही हितं झोपलाय?"

मी सांगितले. आजार मे महिन्यापासून होता, तुम्ही विचारले तेव्हाही होता. तुमच्या कार्डावरून मी माझ्या गोळ्या कमी केल्या. हे सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्या उभ्याच होत्या.

"माझ्या कागदावरून?"

"हो."

"मग मला विचारायचं ना!" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरच्या बाई उठून बसल्या. "मी सांगितलं असतं. डॉक्टर मला बोलले होते, तुझी किडनी चांगली हाय म्हणून लवकर कमी करतोय, दुसऱ्या कुणाला असं जमत नाय. मी त्यांना विचारून विचारून भंडावलं होतं. तुम्ही सगळं लिहून नेलंत, फाइल तोंडासमोर धरून, आणि मला एक शब्द विचारला नाय."

मी म्हटले, माझे चुकले.

"तुमच्या चित्रावर मी सुकट सोडली. हंगाम गेला माझा. नणंदेला जागा दिली वाळवायला." त्यांनी छत्री काखेत धरली. "ते बरोबर होतं की ते पण असंच?"

"ते बरोबर होतं ताई."

"आता मी कसं समजायचं?"

त्या गेल्या. या आजारात मला सुया लागल्या, तुकडा काढला, केस गळले. पण अजून दचकून जाग येते ती या प्रश्नाने.

रकाना

सहा महिन्यांनी मूत्रपिंडे वाचली आहेत असे डॉक्टरांनी सांगितले. पूर्ण नाही, कामापुरती. औषधे चालू राहतील, तपासण्याही. कॉलेजने मला एक बॅच मागे घेतले. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचे पत्र द्यायचे, रात्रपाळी तूर्त नाही. पहिल्या दिवशी हजेरीला ट्युटर मॅडमनी वर्गाला माझ्याबद्दल काय सांगायचे ते मलाच विचारले. मी उठून स्वतः सांगितले. चेहरा पुन्हा गोल झालेला आहे. कुणी मेसच्या जेवणाबद्दल बोलत नाही. बोलले तरी चालेल.

हे वाचणाऱ्यांमध्ये कुणाला हा आजार असेल, विशेषतः कुणी आमच्या पेशातले असेल, तर सांगण्यासारखे एवढेच आहे. ओपीडीत गणवेश उतरवून जा. भाजीवाल्या बाईंएवढे प्रश्न विचारा. आपला कागद आपलाच असतो.

बॅच बदलल्यामुळे केस स्टडी पुन्हा द्यायची होती. नवा पेशंट घेता आला असता. मी गुरुवारी ओपीडीच्या बाकावर जाऊन बसले, हातात माझा कागद आणि कोरी वही. काट्यावर खालच्या वर्गातल्या मुलीने माझे नाव पुकारले, मी चपला काढून उभी राहिले, तिने वजन लिहिले. परत आले तेव्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सुनंदाताई बसल्या होत्या. मला बघून त्यांनी छत्री मांडीवर घेतली. बसायला जागा झाली.

मी विचारले, तुमच्यावर पुन्हा लिहू का? यावेळी तुम्हाला विचारून.

त्यांनी मान वाकवून वहीत पाहिले. "कुठं सुरू होतं हे?"

मी पहिले पान दाखवले. 'माहिती कोणाकडून मिळाली' हा रकाना कोरा होता. त्याखाली पहिला प्रश्न, त्रास कधी आणि कसा सुरू झाला.

"हे मी सांगायचं?"

"हो ताई. तुमच्या शब्दांत."

सुनंदाताईंनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केले.

"आधी तू सांग," त्या म्हणाल्या. "तुला कसं सुरू झालं?"

मी वही मिटली आणि तोंड धुवायला पाठवले होते तिथपासून सांगायला सुरुवात केली.